आवाजाच्या पुढे, मुंबईच्या अलीकडे

आवाजापेक्षा जास्त वेगाने उडणारी प्रवासी विमाने पुन्हा येणार, अशी चर्चा सध्या आहे. तिला कारणही तसेच घडले. बूम सुपरसॉनिक या अमेरिकन कंपनीच्या एक्सबी-१ या छोट्या चाचणी विमानाने २८ जानेवारी २०२५ रोजी आवाजाचा वेग ओलांडला. त्याच वर्षी ६ जूनला अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला की, १९७३ पासून त्यांच्या देशात जमिनीवरून अशा उड्डाणांना असलेली बंदी उठवावी. ऑक्टोबरमध्ये नासाचे एक्स-५९ आकाशात झेपावले. ‘ओव्हर्चर’ नावाच्या नियोजित विमानात साठ ते ऐंशी माणसे बसतील आणि ते आवाजाच्या १.७ पट वेगाने जाईल, असे बूम कंपनी सांगते.

आता याचा आपल्या वऱ्हाडाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, राजेहो! ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत अशी घरे अमरावतीत आहेत, अकोल्यात आहेत, अगदी दर्यापूर-अकोटलाही आहेत. अशा घरात ही बातमी वाचली की म्हातारा-म्हातारी एकमेकांकडे पाहतात. तोंडाने म्हणतात, ‘पोरं लवकर येतील जातील.’ मनात असते ते वेगळेच. आपले काही बरेवाईट झाले तर मुलगा वेळेवर पोहोचेल का? मुलासाठी बर्फावर ठेवलेले आणि दारात ताटकळलेले सगेसोयरे आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिले आहेत. म्हणून या वेगाचा विचार आपणही करायला हवा, आणि तो जरा हिशेबाने करायला हवा.

आधी थोडा इतिहास. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून बनवलेले काँकॉर्ड २ मार्च १९६९ रोजी पहिल्यांदा उडाले आणि २१ जानेवारी १९७६ पासून प्रवासी नेऊ लागले. वेग आवाजाच्या दुप्पट, लंडन ते न्यूयॉर्क साधारण साडेतीन तास. आपल्या एअर इंडियानेही एके काळी दोन काँकॉर्डसाठी नाव नोंदवून ठेवले होते, पुढे तो विचार सोडला. एकंदर वीसच विमाने बांधली गेली, त्यांतली चौदा प्रवासी सेवेत आली. जागा शंभराच्या आसपास, इंधनाचा खप प्रचंड आणि भाडे असे की सामान्य माणसाने फक्त चित्रात पाहावे. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ झालेल्या अपघातात विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले. २४ ऑक्टोबर २००३ ला शेवटची प्रवासी फेरी झाली. गंमत पाहा, १९६९ सालीच बोइंगचे जम्बो जेटही पहिल्यांदा उडाले. ते काँकॉर्डच्या निम्म्याहून कमी वेगाचे. पण मध्यमवर्गाला परदेश दाखवला तो जम्बोने, काँकॉर्डने नव्हे.

काँकॉर्डची एक गोष्ट तर थेट आपल्या देशाशी जोडलेली आहे. डिसेंबर १९७७ मध्ये लंडन-बहारीन-सिंगापूर अशी सेवा सुरू झाली. मलेशियाने आवाजाच्या तक्रारीवरून हरकत घेतली आणि थोड्याच फेऱ्यांनंतर ती थांबली. १९७९ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९८० मध्ये कायमची बंद पडली. भारतानेही आपल्या हद्दीतून आवाजाहून अधिक वेगाने जायला परवानगी दिली नव्हती. माझ्या मते तो नकार योग्यच होता.

तो का, हे समजून घ्यायला शाळेतले विज्ञान पुरे. नाव पाण्यातून जोरात गेली की तिच्यामागे दोन्ही बाजूंना लाट पसरत जाते आणि काठावरच्या माणसाला नाव पुढे गेल्यावर ती लागते. हवेतही तसेच. विमान आवाजाच्या पुढे धावू लागले की हवेच्या दाबाची लाट त्याच्यामागून जमिनीवर फरफटत येते आणि आपल्याला धडाका ऐकू येतो. पुष्कळांना वाटते की वेगाची हद्द ओलांडताना एकदाच धडाका होतो. तसे नाही. विमान त्या वेगात आहे तोवर त्याच्या वाटेखालच्या, कित्येक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाला तो बसतो. म्हणजे तिकीट एकाचे आणि दचकायचे दुसऱ्याने! वावरातल्या बैलाने, पाळण्यातल्या लेकराने, दवाखान्यातल्या रोग्याने. नवी विमाने धडाका जमिनीपर्यंत पोहोचू देणार नाहीत, असे म्हणतात. एक्सबी-१ च्या चाचणीत तो खाली ऐकू आला नाही, असे कंपनीचे सांगणे आहे. चांगलेच आहे. पण त्यासाठी वेग बराच कमी, आवाजाच्या १.३ पटीच्या आतबाहेर ठेवावा लागतो. खालच्या माणसाची झोप मोडत नाही, हे आपल्याकडे मोजून सिद्ध होईपर्यंत आपण आपला जुना नकार कायम ठेवावा. दुसऱ्या देशाने दार उघडले म्हणून आपण उघडायची घाई नको.

आता मुख्य हिशेब. न्यूयॉर्क ते मुंबई हे अंतर साडेबारा हजार किलोमीटर. ओव्हर्चरचा पल्ला कंपनीच्याच सांगण्यानुसार आठ हजाराच्याही आत. म्हणजे वाटेत उतरून इंधन भरणे आले. शिवाय अटलांटिक सोडला तर पुढची बहुतेक वाट जमिनीवरून. तिथे पूर्ण वेग नाही. एवढे करून वाचणार किती? समुद्रावरचे तीन-चार तास. त्यातला काही वेळ इंधनाच्या थांब्यात जाणार.

आणि मुंबईत उतरल्यावर? परदेशातून येणारी बरीच विमाने रात्रीबेरात्री पोहोचतात. पुढे अकोला-अमरावतीला येणारी रेल्वे दिवसाच्या ठरलेल्या वेळीच निघणार. ती चुकली की सगळे वाचवलेले तास फलाटावर गेले. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली, त्याचा आम्हा सर्वांना मनापासून आनंद झाला. ते साधे पंख्याचे एटीआर विमान, पण मुंबई दोन तासांच्या आत आली! मात्र सुरुवात झाली ती आठवड्यातून तीन दिवसांनी. मृत्यू काही वार पाहून येत नाही. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी तर ब्रिटिश काळापासूनची, पण नियमित प्रवासी विमान तिथून नाही. ती वाढवण्याचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले आहे.

वेगाचे आम्हाला वावडे आहे, असे समजू नका. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम झाला, तो आमच्याच मातीत. मनावर घेतले तर इथेही कामे भराभर होतात. फक्त काय मनावर घ्यायचे, हे ठरले पाहिजे.

प्रवासाचा काळ सगळ्यात वेगवान टप्प्यावरून ठरत नाही, तो ठरतो सगळ्यात रखडलेल्या टप्प्यावरून. साखळीत पोलादाची एक कडी घालून उपयोग काय, बाकीच्या सुतळीच्या असतील तर? म्हणून बेलोऱ्याहून रोज दोन विमाने, शिवणीची पुरेशी धावपट्टी आणि रात्री-अपरात्री मुंबईत उतरलेल्याला सकाळी वऱ्हाडात आणून सोडणारी व्यवस्था एवढे आपण मागावे. आवाजाच्या पुढे धावणारे विमान यायचे तेव्हा येवो, समुद्रावरून खुशाल उडो. आमच्या पोरांना घरी पोहोचायला उशीर होतो तो अटलांटिकवर नव्हे, मुंबईच्या अलीकडे.