ज्या सरोवराला वाट नाही

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आतितलान नावाचे सरोवर आहे. तीन ज्वालामुखींच्या पायथ्याशी असलेल्या या सरोवराच्या काठाने माया लोकांची गावे आहेत. त्यांपैकी सान पेद्रो ला लागुना हे गाव त्सुतुहिल भाषिकांचे. घरात त्सुतुहिल, कचेरीत स्पॅनिश, उतारावर मका आणि कॉफी. छायाचित्रांत सारे फार सुंदर दिसते. पण या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. जमिनीत झिरपेल तेवढेच पाणी जाते, बाकी आत पडलेले आतच राहते.

१९५८ च्या सुमारास, पर्यटकांना गळ टाकण्याची मजा मिळावी म्हणून, या पाण्यात बाहेरचे ब्लॅक बास मासे सोडण्यात आले. जात शिकारी. त्यांनी स्थानिक छोटे मासे आणि खेकडे फस्त केले. फक्त याच सरोवरात राहणारा, उडता न येणारा 'पोक' हा पाणपक्षीही पुढे नामशेष झाला. १९७६ च्या भूकंपानंतर पाणी खाली गेले, लव्हाळी घटली, हीदेखील कारणे होतीच. पण पाहुण्यांच्या हौसेची किंमत काठावरच्यांनी मोजली, हे विसरता येत नाही.

२००९ मध्ये सांडपाणी आणि खतांमुळे पाण्यावर सूक्ष्म जीवांचा दाट तवंग पसरला. हेच पाणी अनेक घरांत वापरले जाते.

२०१६ मध्ये सान पेद्रोच्या नगरपालिकेने प्लॅस्टिकच्या पिशव्या, नळ्या आणि थर्मोकोल यांवर बंदी घातली. दंड ठेवलाच, पण बाजारात टोपल्या आणि कापडी फडकी परत आली, मांस पानात बांधून मिळू लागले. (आपल्या आजीला यात नवे काहीच वाटले नसते!) एवढ्याने सरोवर निर्मळ झाले असे आम्ही म्हणत नाही, सांडपाण्याचा प्रश्न बंदीने सुटत नाही. आम्हांला कौतुक आहे ते या निर्णयाचे, कारण तो गावाने स्वतःच्या पाण्यासाठी घेतला, पाहुण्यांसाठी नव्हे.

गेल्या स्नेहसंमेलनानंतर आमच्याच मैदानावर प्लॅस्टिकच्या पेल्यांचा ढीग होता. त्यात आमचेही पेले होते. देशात २०२२ पासून बंदी असूनही. विश्वस्त मंडळाला विनंती, की यंदा पत्रावळी आणि स्टीलचे पेले ठरवावेत. पेले धुण्याच्या यादीत आमची नावे सर्वांत वर लिहावीत.