थीम इंग्रजी, मजकूर मराठी

मराठीत ब्लॉग लिहू लागलेला माणूस कोडच्या वाटेला जातो, तो बहुतेकदा फाँटमुळे. थीम निवडून झालेली असते, पहिला लेख चढलेला असतो, आता अक्षर जरा देखणं हवं म्हणून तो फाँटची यादी उघडतो. एकामागून एक नावं निवडत जातो. पानावरचे इंग्रजी शब्द दर वेळी वेष बदलतात. मराठी मजकूर मात्र ढिम्म हलत नाही.

यात चूक त्याची नसते. यादीतल्या बऱ्याच फाँटांमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. सांगितलेल्या फाँटमध्ये अक्षर सापडलं नाही, की ब्राउझर कुठलीही तक्रार न करता यंत्रात असेल ती देवनागरी उचलतो. विंडोजवर बराच काळ हे काम र. कृ. जोशी यांनी रेखलेल्या ‘मंगल’नं केलं, अँड्रॉइडवर ते ‘नोटो’ करतो. म्हणून एकच लेख ऑफिसातल्या संगणकावर एक दिसतो आणि वाचकाच्या फोनवर दुसरा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेल्या ‘मुक्ता’सारखा देवनागरी फाँट गूगल फाँट्सवर मोफत मिळतो. तो पानाशी जोडायचा आणि फाँट-फॅमिलीच्या ओळीत त्याचं नाव लिहायचं, एवढंच करायचं असतं. पण ते बटणांनी साधलं नाही तर कोड उघडावाच लागतो.

एकदा उघडला, की बाकीच्या गोष्टीही नजरेत भरू लागतात. जगातल्या बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनतात. शीर्षकं ऐटदार दिसावीत म्हणून त्यांत अक्षरांमधलं अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, वाढवलेलं असतं. इंग्रजीत ते शोभतं. मराठीत शिरोरेखा जागोजाग तुटते आणि शब्दाची अक्षरं सुटी पडतात. उपाय एका ओळीचा: ते अंतर शून्य करणं. दोन ओळींमधली जागा रोमन अक्षरांना पुरेल इतकीच ठेवलेली असते. मराठीत वरच्या ओळीचा उकार खाली उतरतो, खालच्या ओळीची वेलांटी नि रफार वर चढतात आणि दोघांची गाठ पडते. लाइन-हाइट १.३ च्या आसपास असेल तर ती १.७ पर्यंत नेली, की परिच्छेद मोकळा होतो.

मेन्यू उठून दिसावा म्हणून पुष्कळ थीम त्यातली सगळी अक्षरं कॅपिटल करतात. देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे ती युक्ती वाया जाते आणि मेन्यू मजकुरासारखाच दिसतो. तिथे जाडी किंवा रंग वापरावा लागतो. अवतरणांसाठी इटॅलिक ठेवलेलं असतं. फाँटमध्ये तिरपं रूप नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरच कलतं करतो, आणि अख्खा परिच्छेद वाऱ्यानं झुकल्यासारखा दिसतो.

ही सगळी दुरुस्ती सीएसएस नावाच्या भाषेत होते. नॉर्वेच्या होकोन व्हियुम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी, जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करत असताना, तिचा पहिला प्रस्ताव मांडला. नेदरलँड्सचे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली अधिकृत आवृत्ती आली. मजकूर एका जागी, त्याचं रूप दुसऱ्या जागी, ही त्यामागची कल्पना. ती किती दूर जाते हे कॅनडाच्या डेव्ह शे यांनी २००३ मध्ये ‘सीएसएस झेन गार्डन’ या संकेतस्थळावर दाखवलं. मजकुराची फाइल सगळ्यांना एकच, तिला हात लावायचा नाही. बदलायची ती फक्त सीएसएस. जगभरच्या डिझायनरांनी त्याच मजकुराची इतकी वेगळी पानं करून पाठवली, की दोन पानांत शब्द तेच आहेत हे वाचल्याशिवाय पटू नये.

नवशिक्याच्या दृष्टीनं या भाषेचा मोठा गुण म्हणजे ती चुकांवर अडून बसत नाही. न कळलेली ओळ ब्राउझरनं गाळावी आणि पुढे जावं, असा नियमच आहे. उद्या नवा गुणधर्म आला तर जुन्या ब्राउझरवर पान कोसळू नये, म्हणून तो केलेला आहे. फायदा शिकणाऱ्यालाही होतो. याउलट ब्लॉगर या ब्लॉगसेवेवर थीमची पूर्ण फाइल एक्सएमएलमध्ये असते, आणि तिथे एक टॅग बंद करायचा राहिला तरी ती जतन होत नाही.

पण सीएसएसचा हा समंजसपणा अबोल असतो. ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला तर ती ओळ आणि तिच्या पुढची, दोन्ही निकामी होतात. महिरपी कंस बंद झाला नाही तर खालचे नियमही सोबत बुडतात. मराठी लिहिणाऱ्यासाठी आणखी एक खड्डा आहे. कीबोर्ड मराठीत राहिला आणि आकडा देवनागरीत पडला, की ब्राउझर तो आकडा मानतच नाही. डोळ्यांना १.७ स्वच्छ दिसतो, पान मात्र जैसे थे. कोडमधले आकडे इंग्रजीच लागतात.

असे खड्डे शोधायची सोय ब्राउझरमध्येच असते. संगणकावर पानावर उजवी टिचकी मारून ‘इन्स्पेक्ट’ उघडलं, की कुठल्या शब्दाला कुठला नियम लागला आहे ते दिसतं आणि गाळलेल्या ओळीवर काट मारलेली असते. तिथे केलेला बदल फक्त आपल्या पडद्यापुरता. रिफ्रेश केलं की सगळं पूर्ववत. म्हणून आधी तिथे हवा तसा खेळ करावा आणि जमलेली ओळ मग ब्लॉगवर न्यावी. वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून जादा सीएसएससाठी वेगळा रकाना आला. त्यात लिहिलेलं टिकतं. थेट थीमच्या फाइलमध्ये केलेले बदल पुढच्या अपडेटला पुसले जातात.

उसन्या कोडबद्दल मात्र सावध राहावं लागतं. २००३ मध्ये सुरू झालेल्या मायस्पेस या समाजमाध्यमावर लाखो पोरांनी कुठून कुठून तुकडे आणून आपापली पानं रंगवली, आणि त्या उद्योगातच अनेकांनी पहिल्यांदा कोड हाताळला. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकार या तरुणानं असे तुकडे चिकटवू देण्याच्या सवलतीतली फट दाखवून दिली. पार्श्वभूमीचं चित्र सांगणाऱ्या सीएसएसच्या ओळीत त्यानं जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाकडून कामं करून घेणारा कोड, दडवली. त्याचं पान जो पाही, त्याच्या खात्यातून सॅमीला मैत्रीची विनंती जाई आणि तोच कोड त्याच्याही पानावर चिकटे. एका दिवसाच्या आत दहा लाखांवर खाती त्यात सापडली. ब्राउझरांनी ती वाट पुढे बुजवली; तरी ‘हे फक्त चिकटवा’ म्हणून मिळालेल्या तुकड्यात ‘स्क्रिप्ट’ हा टॅग दिसला, तर तो रंगरंगोटीपेक्षा जास्त काही करू शकतो.

एक दुरुस्ती सीएसएसमध्ये नसते, ती मजकुराच्या, म्हणजे एचटीएमएलच्या, फाइलच्या माथ्यावर असते. तिथे ‘लँग’ या शब्दापुढे पानाची भाषा लिहिलेली असते आणि इंग्रजी थीमसोबत ती बहुधा इंग्रजीच राहून जाते. तिथे मराठीची खूण म्हणून ‘एम-आर’ ही दोन अक्षरं हवीत. काही देवनागरी फाँटांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात. खूण मिळाली की महाराष्ट्र शासनाला अपेक्षित असलेला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ पानावर येतात. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये संकेतस्थळाची भाषा मराठी केली तर ही खूण सहसा आपोआप बदलते, तारखेतले महिनेही मराठी होतात. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर याच दोन अक्षरांवरून मराठी आवाज निवडतो. ती नसतील, तर कित्येकदा इंग्रजी आवाजच मराठी मजकूर वाचू पाहतो.