जुगाराच्या उपचारातून माणूस मधूनच का परततो?

मटका आपल्या औराद-भालकी-आळंद भागाला नवा नाही. मुंबईत प्रथम न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि मिटत्या भावांवर आकडे लावीत. पुढे 1960 नंतर ते भाव येणे थांबले, पण आकडा थांबला नाही. चिठ्ठ्या निघाल्या, पत्ते निघाले. आता तो मोबाईलात शिरला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला, हे चांगलेच झाले. पण कायद्याने दुकान बंद होते, सवय सुटत नाही.

जुगाराचे व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तो आजार म्हणूनच नोंदलेला आहे. त्यावर नुसत्या गोळीने भागत नाही; आठवड्यामागून आठवडे समुपदेशकासमोर बसावे लागते. अडते ते इथेच. अशा उपचारांचे अनेक अभ्यास 2021 साली एकत्र तपासले गेले, तेव्हा शंभरातील सुमारे 39 रुग्ण मधूनच सोडून गेल्याचे दिसले.

कोण सोडून जाईल, हे आधी ओळखता यावे म्हणून संशोधक आता कॉम्प्युटरची मदत घेतात. त्याला मशीन लर्निंग म्हणतात. बैलबाजारातील जुना पारखी दात, चाल, खूर, डोळा सारे एका नजरेत पाहून अंदाज बांधतो ना? कॉम्प्युटर तेच जुन्या रुग्णांच्या कागदांवर करतो. वय, कर्ज, दारू, उदासी, चुकलेल्या भेटी यांचा एकत्र मेळ घालून धोका किती ते सांगतो. कारण मात्र सांगत नाही.

आम्हांला चिंता वाटते ती कागदाची. जे लिहिले नाही ते यंत्र शिकणार कसे? कागदावर नुसते ‘गैरहजर’ असते. तुरीची रास चालू होती, गावची एकच बस चुकली, कानडीत मन मोकळे करता येईना, की पुन्हा आकडा लावला म्हणून डॉक्टरांना तोंड दाखवायची लाज वाटली, यांतले काहीच त्यात नसते. अशा कागदांवर शिकलेले यंत्र उद्या ‘कोरडवाहू शेतकरी टिकत नाही’ असा शिक्का मारील, आणि त्या शिक्क्यावर एखाद्याला दारातूनच परत पाठवतील. हे होता कामा नये. यंत्राने धोका दाखवला तर त्या माणसाला आधी फोन गेला पाहिजे. नाव नोंदवतानाच पीक, राशीचा महिना, बसभाडे आणि बोली लिहून घ्यावी, असे आमचे दवाखान्यांना सांगणे आहे.

घरच्यांनीही एक करावे. तुरीची पट्टी हाती येण्याआधीची भेट काही झाले तरी चुकू देऊ नये आणि ते पैसे त्या हंगामापुरते घरच्या कारभारणीच्या खात्यावर ठेवावेत. जाणे जमलेच नाही तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तो फुकट आहे आणि रात्रीही उचलला जातो.