मोतीबिंदूच्या शिबिरात डोळ्याचं प्रेशरही मोजा

आपल्या बिलोली तालुक्यात डोळ्याचं शिबिर म्हटलं की मोतीबिंदू. बॅनर लागतं, गाडी येते, ऑपरेशन होतं, म्हातारी माणसं काळा चष्मा लावून घरी येतात. काम चांगलंच आहे. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या डॉ. तात्याराव लहानेंनी तर त्यात उभं आयुष्य घातलं. पण लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसलंय: कमी दिसायलंय म्हणजे मोतीबिंदू, अन् तो पिकला की काढायचा.

काचबिंदू असा थांबत नाही. डोळ्यातलं पाणी जायची चाळणी तुंबते, प्रेशर वाढतं, मागची नस सुकत जाते. आधी कडेची नजर जाते, समोरचं दिसत राहतं. बहुतेकदा दुखत बी नाही. अन् गेलेली नजर कशानंच परत येत नाही, लेसरनं सुद्धा नाही. उरलेली तेवढी वाचते.

उपचार म्हणून थेंब लिहून देतात, रोज, जन्मभर. मजुरीला हैदराबाद-निजामाबादला जाणाऱ्या माणसाला हे कसं जमावं? बाटली संपली की विषय संपला.

ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आधी लेसर केलेल्यांपैकी चारातल्या जवळपास तिघांचं प्रेशर तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय ताब्यात होतं. २०२२ पासून तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनेत बहुतेक नव्या रुग्णांना पहिला उपचार हाच सांगितलाय. काही मिनिटांचं काम, टाका नाही, त्याच दिवशी घरी. सगळ्यांना चालतो असं नाही, काही वर्षांनी असर उतरतो, तपासण्या सुटत नाहीत. कोन अरुंद असेल तर लेसर वेगळा, बुबुळाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडतात. ते डॉक्टरच ठरवतील. पण थेंब घेणं ज्यांना जमत नाही, त्यांना लेसरचं आधी सांगायला नको का?

म्हणून शिबिरं भरवणाऱ्या पुढाऱ्यांना अन् आरोग्य खात्याला सांगणं आहे. चाळिशीपुढच्या प्रत्येकाचं प्रेशर मोजा, मागची नस बघा. नुसतं प्रेशर पुरत नाही, ते नॉर्मल असूनही काचबिंदू असतो. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात लेसर कोणत्या वारी होतो, ते तालुक्याच्या दवाखान्यात बोर्डावर लिहा. इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर जाऊन "उद्या या" ऐकायला कुणाकडं रोज मजुरी बुडवायला पैसे नाहीत.

आणि हो, डोळा लाल झाला की मेडिकलवरून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणारे आपल्यात लई आहेत. त्यानं बी प्रेशर चढतं. घरात आई-वडिलांना, सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल, तर शिबिराची वाट न बघता डोळे दाखवून घ्या.