नऊ धावांपलीकडचा महाराष्ट्र

रणजी करंडकातील महाराष्ट्राच्या संघाविषयी मराठी माणसाला बहुधा दोन गोष्टी ठाऊक असतात. दि. ब. देवधर नावाचे संस्कृतचे प्राध्यापक पन्नाशी उलटल्यावरही शतके काढीत, ही एक. आणि भाऊसाहेब निंबाळकर यांचा विश्वविक्रम नऊ धावांनी हुकला, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. तरीही त्या ज्या तऱ्हेने सांगितल्या जातात ती तऱ्हा तपासून पाहण्याजोगी आहे. एक कौतुकाची आणि एक हळहळीची अशा दोन आख्यायिका हाती ठेवून आपण एका संघाचा नव्वद वर्षांचा इतिहास मात्र विसरून बसलो आहोत.

देवधरांच्या आख्यायिकेत नायक देवधर नसतात, त्यांचे वय असते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६, बावन्नाव्या वर्षी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके (१०५ आणि १४१) हे आकडे थक्क करतात, यात शंका नाही. पण त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, अंतिम सामन्यांत अनुक्रमे संयुक्त प्रांत आणि मद्रास यांना हरवले, ही गोष्ट त्या आकड्यांच्या सावलीत जाते. त्यानंतर महाराष्ट्राने हा करंडक कधीच जिंकलेला नाही. एवढ्यावरूनही त्या दोन वर्षांकडे पुन्हा वळून पाहण्याची गरज वाटायला हवी होती. तो संघ कसा जमला आणि कसा विखुरला, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही.

त्याचे अर्धे उत्तर विजय हजारे यांच्या नावात आहे. सांगलीत जन्मलेल्या हजारे यांनी १९३९-४० च्या हंगामात पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक, आणि समोरचा संघ होता बडोदा. पुढे हजारे त्याच बडोद्याचे झाले. संस्थानिकांच्या पदरी नोकरी होती, मान होता, खेळायला वेळ होता. पुण्यातल्या संघापाशी देण्यासारखे यातले फारसे काही नव्हते. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली आणि करंडक बडोद्याला मिळाला. निंबाळकरही होळकर आणि रेल्वे यांच्याकडून खेळले. या संघाचा इतिहास लिहायचा तर तो निघून गेलेल्यांचा इतिहास म्हणून लिहावा लागेल. (अगदी अलीकडे, पुण्याच्या हृषीकेश कानिटकर यांनी कर्णधार म्हणून २०१०-११ आणि २०११-१२ असे दोनदा करंडक उंचावले, ते राजस्थानसाठी.)

आता त्या नऊ धावा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. कमल भांडारकरांसह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या होत्या. ब्रॅडमन यांचा १९३० सालचा नाबाद ४५२ हा विक्रम समोर दिसत असताना काठेवाडच्या संघाने पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. ही गोष्ट सांगताना आपला सारा भर न झालेल्या धावांवर असतो. झालेल्या ४४३ धावांचे काय करायचे हे आपल्याला कळत नाही. प्रथम दर्जाच्या सामन्यांत कोणाही भारतीयाने आजवर याहून मोठी खेळी केलेली नाही. तरीही निंबाळकर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. मला विचाराल तर अन्यायाची चर्चा करायचीच झाली, तर ती नऊ धावांपेक्षा याची करावी. काठेवाडने एका दुपारी पाठ फिरवली. निवड समित्या मात्र वर्षानुवर्षे पाठ फिरवून होत्या.

या डावाची आणखी एक बाजू साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळची वाटावी. डिसेंबर १९४८ मध्ये ‘महाराष्ट्र’ नावाचे राज्य कुठे होते? निंबाळकर ज्या कोल्हापूरचे, ते संस्थानही अजून मुंबई प्रांतात विलीन झालेले नव्हते. ते झाले १ मार्च १९४९ रोजी. राज्य म्हणून महाराष्ट्र अस्तित्वात आला १ मे १९६० रोजी. धावफलकावर मात्र हे नाव रणजी स्पर्धेच्या पहिल्या, म्हणजे १९३४-३५ च्या हंगामापासून आहे. नकाशावर यायच्या पंचवीस वर्षांहून अधिक काळ आधी ‘महाराष्ट्र’ या नावाने अकरा माणसे मैदानात उतरत होती. प्रदेशाची कल्पना कवितांतून, नाटकांतून, परिषदांतून कशी घडत गेली याचा आपण बारकाईने अभ्यास करतो. त्या यादीत धावफलक कधी धरत नाही.

गंमत अशी की नकाशा बदलला तरी क्रिकेटचा महाराष्ट्र बदलला नाही. ज्या मुंबईसाठी संयुक्त महाराष्ट्राचा लढा झाला, ती राज्याची राजधानी झाली. क्रिकेटमध्ये ती महाराष्ट्राची प्रतिस्पर्धीच राहिली. विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ पासून आहे, आणि २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असे तीनदा त्याने करंडक नेला. म्हणजे क्रिकेटमध्ये ‘महाराष्ट्र’ याचा अर्थ मुंबई आणि विदर्भ वजा जाता उरलेला महाराष्ट्र. २०२५ मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून ‘महाराष्ट्रा’कडे आला, अशी बातमी आपण निमूट वाचली. त्या वाक्यातली विसंगती आपल्याला जाणवतही नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे.

मराठीतले क्रिकेटलेखनही या वजाबाकीला अपवाद नाही. शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी यांनी हा खेळ मराठी वाचकाच्या घरात आणला, पण त्यांचे घर मुंबईचे होते. शिवाजी पार्क आणि ब्रेबर्न ही त्या लेखनाची स्वाभाविक भूमी. त्यात त्यांचा दोष नाही. पुण्याच्या बाळ ज. पंडित यांनी धावत्या समालोचनासाठी मराठी भाषा कमावली. तरी पुणे, सोलापूर, नाशिक, जालना येथून येणाऱ्या खेळाडूंचे अनुभवविश्व मराठी गद्यात जवळपास उमटलेलेच नाही. ग्रामीण साहित्याने गावातली शाळा पाहिली, तालीम पाहिली, जत्रा पाहिली; मॅटिंगची खेळपट्टी त्याच्या नजरेतून सुटली.

या वजाबाकीत काय काय हरवते ते पाहायचे असेल तर मार्च १९४९ मधला एकच सामना घ्यावा. पुण्यातच झालेला मुंबईविरुद्धचा उपांत्य सामना. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा आणि नऊ शतके. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये एका सामन्यातल्या धावांचा हा उच्चांक. मुंबईकडून दोन्ही डावांत शतक काढणारे दत्तू फडकर जन्माने कोल्हापूरचे. महाराष्ट्राकडून मधू रेगे यांनीही दोन्ही डावांत शतक काढले. मुंबई ३५४ धावांनी जिंकली, आणि सामन्याची आठवण त्या एका आकड्यापुरती राहिली. विजयासाठी ९५९ धावा हव्या असताना, कित्येक दिवस क्षेत्ररक्षण करून शिणलेल्या संघाने चौथ्या डावात सहाशेचा टप्पा ओलांडला. त्या सहाशे चार धावांवर मराठीत एखादा पानभर मजकूर कोणाच्या वाचनात आहे काय?

पुढचे पराभव तर त्याहून झटपट विसरले गेले. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात वाडेकर, गावसकर, सरदेसाई वेस्ट इंडीजमध्ये असतानाही मुंबईने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवले. १९९२-९३ मध्ये पंजाबने हरवले. २०१३-१४ च्या हंगामात केदार जाधव यांनी १२२३ धावा केल्या. त्या हंगामाच्या उपांत्यपूर्व फेरीत, जानेवारी २०१४ मध्ये, वानखेडेवर मुंबईला आठ गडी राखून हरवताना चौथ्या डावात नाबाद शतक काढणारे केदार जाधव पुण्याचे होते. दुसऱ्या टोकाला नाबाद ९१ धावा काढून उभा असलेला विजय झोल होता एकोणीस वर्षांचा, आणि जालन्याचा.