व्यायामशाळा व भरतीपूर्व सरावातील दुखापतींवर उपचार आणि त्यांचा प्रतिबंध यांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा क्रीडा परिषद, पुणे

विषय : यवत (ता. दौंड) व परिसरातील वजन उचलण्याच्या आणि अतितीव्र व्यायामातून होणाऱ्या दुखापतींसाठी स्थानिक उपचारसोय करणे, व्यायामशाळांच्या अनुदानास प्रशिक्षकाची अट घालणे आणि भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख पुरेशी आधी जाहीर होण्यासाठी शिफारस करणे.

महोदय,

पुणे–सोलापूर महामार्गावरील यवत व भोवतालच्या गावांतून, तसेच भीमेपलीकडील शिरूर तालुक्यातून अनेक तरुण-तरुणी पोलीस, राज्य राखीव पोलीस बल आणि अग्निवीर भरतीची तयारी करीत असतात; दौंडला राखीव बलाचे गटच असल्यामुळे या भागाला वर्दीची ओढ जुनीच आहे. पूर्वी अशी तयारी तालमीत होत असे आणि कोणी किती जोर-बैठका काढायच्या, कोणाला मातीत उतरू द्यायचे, हे वस्ताद ठरवीत असे. आता पहाटे कालव्याच्या भरावावर धावणे, दुपारी ट्रॅक्टरचा टायर उलटवणे आणि संध्याकाळी जिममध्ये मोबाइलवर पाहिलेला व्यायाम करणे असा क्रम दिसतो. मेहनतीत हा तरुण कुठेच कमी पडत नाही. त्याच्यावर कोणाची नजर नाही, एवढेच या निवेदनाचे कारण आहे.

वजन उचलणे हा मुळात घातक व्यायाम नव्हे, हे प्रथम नमूद करणे आवश्यक आहे. स्पर्धात्मक भारोत्तोलनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांत 1000 तासांच्या सरावामागे साधारण 2 ते 4 दुखापती आढळल्या असून हे प्रमाण फुटबॉलसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांपेक्षा कमी आहे. मात्र ते आकडे प्रशिक्षकाच्या देखरेखीखालील खेळाडूंचे आहेत. खरा धोका वजनापेक्षा ते वाढवण्याच्या घाईत आहे. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो आणि दमही लवकर वाढतो, परंतु स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा आणि खुद्द हाड यांना त्या भाराशी जुळवून घेण्यास काही महिने लागतात, त्यामुळे अंगात ताकद आल्यासारखे वाटत असतानाच आतील जोडणी मागे राहिलेली असते. नडगीच्या हाडाला जाणारी बारीक चीर, म्हणजे ताणजन्य अस्थिभंग, याच तफावतीतून होते आणि सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात ती बहुधा दिसतही नाही, म्हणून ‘हाड ठीक आहे’ असे समजून धावणे चालूच राहते. जमिनीवरून बार उचलताना तो नडगीपासून चार बोटे पुढे सरकला की कंबर वाकते आणि तेच वजन मणक्याला कितीतरी जड पडते. ही चूक सहसा शेवटच्या दोन-तीन आवर्तनांत, थकवा आल्यावर होते आणि बाजूला उभ्या असलेल्या जाणकाराला ती तत्काळ दिसते, आरशाला दिसत नाही.

ही घाई तरुणांच्या स्वभावातून जेवढी येते, तेवढीच भरतीच्या वेळापत्रकातून येते. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत पुरुषांसाठी 1600 मीटर धाव, 100 मीटर धाव आणि 7.26 किलोचा गोळा असे 50 गुण असतात. जाहिरात निघते, चाचणीची तारीख मात्र ऐनवेळी कळते आणि सहा महिन्यांचा सराव पाच-सहा आठवड्यांत कोंबला जातो. जून 2014 मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत 5 किलोमीटरच्या धावचाचणीदरम्यान उमेदवारांचे मृत्यू झाले आणि त्यानंतर शासनाने ते अंतर कमी केले. अंतराबाबत जे शक्य झाले, ते तारखेबाबतही शक्य आहे. मैदानी चाचणीची तारीख किमान 3 महिने आधी जाहीर व्हावी आणि एप्रिल-मेच्या उन्हात चाचणी ठेवू नये, अशी शिफारस आपल्या कार्यालयाने गृह विभागाकडे करावी, ही निवेदनकर्त्यांची पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी उपचाराची असून तिच्यावर अधिक भर आहे. दुखापतीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वाधिक वाया जातात. ताज्या मुरगळीवर जोरात मालिश केल्यास आतील रक्तस्राव व सूज वाढते. हाडावर बांबूच्या कामट्या करकचून बांधल्यास रक्तपुरवठा तुटून हात कायमचा आखडू शकतो. आणि पाणी कमी प्यालेल्या शरीरात वेदनाशामक औषध घेऊन पुन्हा धावल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकणे स्वाभाविक आहे आणि ते आपोआप ओसरते, परंतु स्नायू कमालीचे सुजून लघवी चहासारखी गडद होऊ लागल्यास तो रॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायूपेशी फुटून त्यांतील प्रथिन रक्तात उतरण्याचा आजार, असू शकतो आणि त्यात शिरेतून द्रव देण्यास उशीर झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कंबरेच्या दुखण्यासोबत मांड्यांच्या आतील बाजूस बधिरता येऊन लघवी अडल्यास ती तातडीच्या शस्त्रक्रियेची खूण असते. तेथे शेक घेत बसण्यास वेळ नसतो. उष्माघातात रुग्णाला आधी पाण्याने थंड करावे व मग हलवावे, हा क्रम तर गावागावांत माहीत असायला हवा.

म्हणून यवत येथील ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी भौतिकोपचार कक्ष चालवावा, महिन्यातून एकदा अस्थिरोगतज्ज्ञाची भेट ठेवावी आणि वरील धोक्याच्या खुणांचा मराठी फलक रुग्णालयात व प्रत्येक व्यायामशाळेत लावावा. भौतिकोपचार म्हणजे केवळ शेक देणारे यंत्र नव्हे. दुखऱ्या भागावर क्रमाक्रमाने भार वाढवून त्याला पुन्हा कामाजोगे करणे हा त्याचा गाभा आहे, आणि त्यासाठी आठवड्यामागून आठवडे फेऱ्या माराव्या लागतात. कंबर धरलेल्या रुग्णाने सुमारे 40 किलोमीटरवरील पुण्याला प्रत्येक फेरीसाठी जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही; तो तिसऱ्या फेरीनंतर घरीच बसतो.

बर्मिंगहॅम येथील 2022 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगर यांनी 55 किलो वजनी गटात स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135 किलो उचलले, पुढे 139 किलो उचलताना त्यांच्या कोपराला इजा झाली आणि सुवर्णपदक एका किलोने हुकले. वर्षानुवर्षांच्या शास्त्रशुद्ध सरावानंतरही दुखापत टळतेच असे नाही, हे त्यातून दिसते. फरक एवढाच की त्यांच्यासाठी वैद्यकीय पथक मैदानावर हजर होते.

तिसरी मागणी व्यायामशाळांविषयी आहे. शासनाच्या व्यायामशाळा विकास अनुदानातून लोखंड येते, शिकवणारा माणूस येत नाही, आणि अशी अर्धी मदत काही वेळा मदत नसल्याहून वाईट ठरते. यापुढील अनुदानास प्रमाणित प्रशिक्षक, प्रथमोपचार व हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे शिक्षण आणि दुखापतींची नोंदवही या अटी जोडाव्यात. त्याचबरोबर, शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी वापरले जाणारे मेफेन्टरमाइन इंजेक्शन राज्यातील जिममध्ये ‘दम’ वाढवण्यासाठी वापरले जात असल्याची प्रकरणे उघड झाली असल्याने, अन्न व औषध प्रशासनास दौंड व शिरूर तालुक्यांत तपासणीचे निर्देश द्यावेत. हृदयाची गती व रक्तदाब एकदम वाढवणारे हे औषध उन्हात धावणाऱ्या तरुणाच्या जिवावर बेतू शकते.

फलक लावणे आणि गृह विभागास शिफारसपत्र पाठवणे यांस स्वतंत्र निधीची गरज नाही. त्यांवरील कार्यवाही 15 दिवसांत आणि भौतिकोपचार कक्षाबाबतचा निर्णय पुढील आर्थिक वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा निश्चित होण्यापूर्वी लेखी कळवावा, ही विनंती.

स्थळ : यवत

निवेदनकर्ते : यवत व परिसरातील भरतीपूर्व सराव करणारे तरुण-तरुणी, पालक, पैलवान आणि ग्रामस्थ

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. जिल्हा शल्य चिकित्सक, पुणे, मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, पुणे, मा. तहसीलदार, दौंड व शिरूर