धर्म बदलला, जात गेली का?

मंडळी, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतं : मिशनऱ्यांनी समाज बुडवला. बरं, मग १८४८ ला जोतिराव नगरला सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळा बघून आले, ते कुठं लिहायचं? मिरजेचं वानलेस हॉस्पिटल कुठं? आणि गोव्यातलं १५६० पासूनचं इन्क्विझिशन, १६८४ चा कोकणीबंदीचा हुकूम, हेही झाकायचं नाही.

पण माझा राग वेगळाच आहे. १९५० च्या आदेशामुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती बंद. शीख १९५६ ला यादीत आले, बौद्ध १९९० ला. हे अजून बाहेरच. गाव मात्र त्याची जात विसरत नाही. चर्चवालेही फार वेगळे नाहीत हो, सोयरिकीच्या वेळी बघा! अन् आमचे पुढारी? नाताळचा केक कापायला पहिले हजर, या प्रश्नावर तोंडात गुळणी.